जुन्या पीसीला एसएसडी: बॉक्सवरचा आकडा सोडा, डिस्कचा वेळ बघा

मुलुंडच्या एका निवृत्त काकांचा प्रश्न थोडक्यात असा. घरी २०१४ साली जुळवून घेतलेला डेस्कटॉप आहे. चौथ्या पिढीचा आय-थ्री, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. त्यावर सोसायटीचे हिशेब टॅलीत, काकूंचं पत्रिका-अहवालांचं टायपिंग श्रीलिपीत आणि घरचे फोटो. पीसी चालू केल्यावर पाच-सात मिनिटं हात लावायची सोय नाही, टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के. कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणतो, नवीन घ्या. भाचा म्हणतो, एनव्हीएमई (बोर्डावर थेट बसणारी, पट्टीसारखी एसएसडी) टाका, ३५०० एमबीचा स्पीड आहे. काकांना दोन गोष्टी हव्यात: काय टाकायचं ते कळावं, आणि टॅली-श्रीलिपी जागेवरून हलू नये.

काका, साधी अडीच इंची साटा एसएसडी घ्या, ५०० जीबीची. एसएसडी म्हणजे हार्ड डिस्कचंच काम करणारी, चिपवर साठवणारी डिस्क, आणि साटा म्हणजे तुमची हार्ड डिस्क जोडलेली आहे तीच केबलची जोडणी. सोबत ४ जीबी रॅमची आणखी एक पट्टी. नवा पीसी आत्ता नको. एनव्हीएमई तुमच्या बोर्डावर नकोच.

आता कारण. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स टॅबमध्ये डिस्कवर क्लिक करा. वर १०० टक्के दिसेल. त्याच खिडकीत खाली रीड स्पीड लिहिलेला असतो, तो बघा. पीसी अडकलेला असताना तो बहुतेक वेळा एक-दोन एमबी असतो, कधी त्याहूनही कमी. तुमची हार्ड डिस्क सलग फाईल वाचताना सेकंदाला शंभर-दीडशे एमबी आरामात देते. मग १०० टक्के बिझी असताना एक-दोन एमबीच का? कारण ते १०० टक्के म्हणजे डिस्क किती वेळ गुंतलेली आहे याचा आकडा. किती माल पोचवला याच्याशी त्याचा संबंध नाही. आणि ती गुंतलेली असते हेड, म्हणजे फिरत्या तबकडीवरून वाचणारं टोक, इकडून तिकडे नेण्यात.

डेस्कटॉपची डिस्क मिनिटाला ७२०० फेरे फिरते. एक फेरा म्हणजे ८.३ मिलिसेकंद, म्हणजे हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी चार. त्याआधी हेड त्या ट्रॅकवर न्यायला साधारण आठ-नऊ. एक बारकीशी फाईल उचलायला बारा-साडेबारा मिलिसेकंद गेले. विंडोज चालू होताना, अँटिव्हायरस जागा होताना, ब्राउझर उघडताना असल्या बारक्या फायली हजारोंनी वाचल्या जातात, आणि त्या डिस्कभर विखुरलेल्या असतात. समजा दहा हजार वाचनं झाली, तर नुसत्या हेडच्या धावपळीत दोन मिनिटं गेली. एसएसडीत फिरणारं काही नाही. तिथे हेच वाचन साधारण ०.१ मिलिसेकंदात होतं. दहा हजारांना एक सेकंद.

तुमच्या हाताला जो फरक जाणवणार आहे तो सगळा या साडेबारा आणि ०.१ मधला आहे. बॉक्सवर मोठ्या अक्षरात छापलेला ५५० किंवा ३५०० एमबी हा आकडा सलग वाचनाचा आहे, एखादी भलीमोठी व्हिडिओ फाईल एका डिस्कवरून दुसरीवर नेताना उपयोगी पडणारा. टॅली उघडताना त्याचा काही संबंध येत नाही. साटा एसएसडीवरून एनव्हीएमईवर गेलेल्या माणसाला घरगुती कामात फरक ओळखायला सांगा, तो घड्याळ लावल्याशिवाय सांगू शकणार नाही. हार्ड डिस्कवरून साटा एसएसडीवर आलेल्याला घड्याळ लागत नाही.

भाच्याच्या सल्ल्यातली खरी अडचण वेगळीच आहे. एच८१ बोर्डावर एनव्हीएमईसाठी लागणारा एम-टू स्लॉट बहुधा नसतो. अ‍ॅडॅप्टर कार्ड मिळतं, ते ग्राफिक्स कार्डाच्या स्लॉटमध्ये बसतंही, पण त्या काळच्या बायोसला (विंडोजच्या आधी सुरू होणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर) एनव्हीएमईवरून विंडोज सुरू करता येत नाही. डिस्क विंडोजमध्ये दिसेल, बूट होणार नाही. बायोसमध्ये फेरफार करून ते जमवणारे हौशी लोक आहेत. सोसायटीचे हिशेब ज्या मशीनवर आहेत तिथे हा उद्योग करू नये. शिवाय त्या बोर्डाचा तो स्लॉटही जुन्या पिढीचा, म्हणजे ३५०० तिथे येणारच नाहीत.

ज्यांचा पीसी किंवा लॅपटॉप नंतरचा आहे आणि एम-टू स्लॉट आहे, त्यांनी एवढंच करावं: बोर्डाचं मॅन्युअल उघडून तो स्लॉट साटा घेतो, एनव्हीएमई घेतो की दोन्ही, हे वाचावं. दिसायला दोन्ही पट्ट्या सारख्याच, २२ मिमी रुंद आणि ८० मिमी लांब. एनव्हीएमईच्या पट्टीला सहसा एक खाच असते, साटावालीला दोन.

तुमच्या बोर्डावर चार साटा पोर्ट असतील. एच८१ चिपसेटमध्ये त्यातले दोन ६ गिगाबिटचे आणि दोन ३ गिगाबिटचे. एसएसडी ६ वाल्यात लावायची. रंग वेगळा असतो, पण कुठला रंग कशाचा हे कंपनीगणिक बदलतं, म्हणून शेजारी छापलेलं वाचा. इथे एक गफलत होते. 'साटा ३' असं छापलेलं असेल तर काही बोर्डांवर त्याचा अर्थ तिसरी पिढी, म्हणजे ६ गिगाबिट, आणि काहींवर नुसता पोर्ट नंबर तीन. मॅन्युअलच बघा. चुकून ३ वाल्यात लागली तरी आभाळ कोसळत नाही. सलग स्पीड निम्मा होईल, पण ते ०.१ मिलिसेकंद तसेच राहतात. म्हणूनच त्याहून जुन्या एच६१ बोर्डांवरही, जिथे ६ गिगाबिटचा पोर्टच नाही, मी बिनधास्त एसएसडी लावून देतो.

कोणती घ्यावी. टीएलसी नँड (मेमरी चिपचा एक प्रकार) असलेली, जमल्यास डीरॅम कॅशवाली, आणि पाच वर्षांची वॉरंटी असलेली. क्यूएलसी हा दुसरा प्रकार स्वस्त पडतो, पण मोठी फाईल टाकताना त्या डिस्कची आतली कॅश भरली की लिहायचा वेग हार्ड डिस्कच्याही खाली घसरतो. २५० जीबी तुम्हाला पुरेल, तरी ५०० घ्या, कारण एसएसडी गळ्यापर्यंत भरली की मंदावते आणि लवकर झिजते. दहा-पंधरा टक्के जागा कायम मोकळी ठेवायची. आयुष्याची धास्ती मात्र नको. ५०० जीबीच्या डिस्कवर कंपन्या साधारण १५० टीबी ते ३०० टीबी लिखाणाची हमी देतात. तुम्ही रोज २० जीबी लिहिलंत, आणि टॅली-टायपिंगवाल्या घरात तेवढं होत नाही, तरी १५० टीबी संपायला वीस वर्षं लागतील. त्याआधी मदरबोर्ड जाईल.

खरेदीसाठी लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जाणार असाल तर दादरला उतरून चर्चगेटची स्लो पकडा आणि ग्रँट रोडला पूर्वेला उतरा. फास्ट तिथे थांबत नाही. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. बिल जीएसटीचं घ्या, आणि त्यावर एसएसडीचा सिरियल नंबर लिहून घ्या. 'बिल नको असेल तर कमी करतो' म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढच्या गाळ्यात शिरा, कारण वॉरंटीला तोच कागद लागतो. घरी आल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर टाकून 'पॉवर ऑन अवर्स' बघा. नव्या डिस्कवर तो आकडा शून्य किंवा एक-दोन असायला हवा. शेकड्यात असेल तर ती कुणाच्या तरी मशीनमधून निघून पुसून परत आलेली आहे. दुसऱ्याच दिवशी परत करायची. आणि ऑनलाईन दोन टीबीची एक्स्टर्नल एसएसडी हजार-बाराशेत दिसली तर ती दोन टीबीची नसते. विंडोजला मोठा आकडा दाखवणारी चिप आणि आत छोटं मेमरी कार्ड, इतकाच तो प्रकार.

आता खरं काम: माल हलवणं.

सगळ्यात आधी जुनी डिस्क धडधाकट आहे का ते त्याच क्रिस्टलडिस्कइन्फोत बघा. निळं 'गुड' असेल तर पुढे चला. पिवळं 'कॉशन' असेल तर त्यातल्या तीन ओळी वाचा: रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर, करंट पेंडिंग सेक्टर, अनकरेक्टेबल सेक्टर. पेंडिंगमध्ये शून्यापेक्षा मोठा आकडा असेल तर क्लोनिंगच्या, म्हणजे डिस्कची जशीच्या तशी नक्कल काढण्याच्या, फंदात पडू नका. मरायला टेकलेल्या डिस्कला अख्खी वाचायला लावलं की ती तिथेच मान टाकते. तेव्हा आधी टॅलीचा डेटा फोल्डर, मग फोटो, मग बाकीचं, अशा क्रमाने हाताने कॉपी करून बाहेर काढा. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर पीसी बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या, घरी प्रयोग नकोत.

डिस्क ठीक आहे असं धरू. दोन रस्ते: कोरं विंडोज टाकायचं किंवा जुनं आहे तसं क्लोन करायचं. एरवी विचाराल तर मी कोऱ्याच्या बाजूचा माणूस आहे. दहा-बारा वर्षांत साठलेला कचरा, कुणीतरी टाकून दिलेले टूलबार, तीन-तीन अँटिव्हायरस, हे सगळं क्लोनबरोबर नव्या डिस्कवर येतं. पण तुमच्याकडे श्रीलिपी आहे. तिची सीडी आणि डाँगल (पीसीला लावायची लायसन्सची कांडी) दोन्ही हाताशी आहेत का, हे काकूंना विचारा. डाँगल असतंच, ते मागे खुपसलेलं असतं. सीडी मात्र बहुतेक घरांत सापडत नाही, आणि सापडली तरी वाचायला सीडी ड्राईव्ह चालत नसतो. सीडी नसेल तर प्रश्न मिटला, क्लोनच करा. सीडी असेल आणि कोरं टाकायचं ठरलं, तर विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरची कॉपी आधी काढून ठेवा. काकूंच्या जुन्या फायली युनिकोडमध्ये नाहीत. नेमका तो फॉन्ट नसला तर पत्रिकेतल्या 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरांची गिचमीड दिसेल, आणि फाईलच बिघडली असं वाटून घरात रडारड होईल.

टॅलीचं वेगळं. डिस्क बदलण्याआधी टॅलीत जाऊन लायसन्स सरेंडर करा. नव्या डिस्कवर मग तेच परत अ‍ॅक्टिव्हेट करायचं. त्यासाठी लागणारी की रजिस्टर केलेल्या ई-मेलवर येते, आणि सोसायट्यांमध्ये तो ई-मेल हमखास मागच्या किंवा त्याच्या मागच्या सेक्रेटरींचा असतो. ते पुण्याला मुलाकडे गेलेले असतात. म्हणून सरेंडर करण्याआधी तो कुणाचा आहे आणि उघडतो का, हे बघून घ्या. डेटाचा बॅकअप पेन ड्राईव्हवर घ्या तो वेगळाच.

क्लोन करताना पूर्ण १ टीबी ५०० जीबीत घालायचा नाहीये. सी ड्राईव्ह आणि त्याच्या आगेमागे असलेली छोटी सिस्टीम पार्टिशनं, एवढंच नव्या डिस्कवर न्यायचं. डी, ई जिथे आहेत तिथेच राहू द्या. सॅमसंगची एसएसडी घेतलीत तर त्यांचं स्वतःचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, डब्ल्यूडीसारख्या काही कंपन्या अ‍ॅक्रॉनिसची आवृत्ती देतात. ही सॉफ्टवेअर लहान डिस्कवर नेताना पार्टिशन आपसूक आखडून घेतात. क्लोनझिला चांगलं आहे, पण त्याला समोरची डिस्क तेवढीच किंवा मोठी लागते, शिवाय त्यात कुठून कुठे हे उलटं निवडलं की कोरी डिस्क जुनीवर चढते. सुरू करण्याआधी पीसी यूपीएसवर घ्या. पावसाळ्यात दिवे लुकलुकतात तेवढंही क्लोनला चालत नाही.

क्लोन झालं की पीसी बंद करा, जुन्या हार्ड डिस्कची डेटा केबल काढा आणि फक्त एसएसडीवर पहिल्यांदा चालू करा. हे टाळू नका. दोन्ही डिस्कची सही, म्हणजे विंडोज डिस्क ओळखतं तो नंबर, आता एकसारखी आहे. एकदम जोडल्या तर विंडोज एकीला ऑफलाईन ठेवतं किंवा जुन्यावरूनच बूट होत राहतं, आणि माणूस म्हणतो, एसएसडी लावूनही फरक पडला नाही. कोरं विंडोज टाकतानाही हीच केबल काढायची, कारण वेगळं आहे: विंडोजचा इन्स्टॉलर दुसरी डिस्क दिसली की बूटची फाईल खुशाल तिच्यावर ठेवतो. सगळं छान चालतं. मग दोन वर्षांनी जुनी डिस्क मरते किंवा कुणी काढतं, आणि ठणठणीत एसएसडी असून पीसी सुरू होत नाही. अशी मशीनं माझ्या टेबलावर नेमाने येतात.

कॅबिनेट उघडण्याचं काम स्वतः करणार असाल तर जमेल. मागचं बटण बंद, वायर भिंतीतून काढलेली, मग समोरचं पॉवर बटण एकदा दाबून उरलासुरला करंट जाऊ द्या. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा आणि कामाला लागा. साटाचे दोन्ही कनेक्टर इंग्रजी एल आकाराचे आहेत, उलटे बसत नाहीत. नवख्याच्या हातून मोडतं ते एसएसडीवरचं आतलं प्लास्टिकचं जिभेसारखं पातं, कारण तो केबल तिरकी ओढतो. सरळ घालायची, सरळ काढायची. एसएसडी कुठल्याही बाजूने बसवली तरी चालते, तरी दोन-अडीचशे रुपयांचं साडेतीन इंची ब्रॅकेट घ्या, लोंबकळत ठेवू नका. एसएमपीएसमध्ये (वीज पुरवणारा डबा) साटाची पॉवर वायर शिल्लक नसेल तर जुन्या चार पिनवाल्या मोलेक्सवरून कन्व्हर्टर मिळतो. तो बघून घ्या. ज्याच्या टोकाचं प्लास्टिक एकसंध ओतलेलं असतं त्यात वायरी आत एकमेकींना टेकून जळाल्याची उदाहरणं आहेत. मागून वायर आत जाताना दिसते तो घ्यावा.

उघडलंच आहे तर रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने हलक्या हाताने पुसा. आपल्याकडच्या दमट, खारट हवेत त्यावर काळपट थर बसतो, आणि जूनमध्ये 'पीसी नुसता पीं पीं करतो' म्हणून येणाऱ्या कितीतरी मशीनवर एवढाच इलाज लागतो. नवी पट्टी डीडीआर३ची घ्या, तुमच्या बोर्डाला डीडीआर४ बसत नाही. ही सेकंडहँड घेतली तरी चालेल. ४ जीबीत ब्राउझर आणि टॅली एकत्र उघडले की विंडोज रॅममधला माल डिस्कवर टाकत बसतं. एसएसडीवर ते चटकन होईल, पण व्हायलाच नको.

बायोसमध्ये साटाचा मोड एएचसीआय आहे ना, एवढं बघा. आयडीई असेल आणि तुम्ही क्लोन केलं असेल, तर तो तसाच बदलू नका, निळी स्क्रीन येईल. जाणकाराकडून सेफ मोडमार्गे बदलून घ्या. बाकी इंटरनेटवर एसएसडीसाठी वीस-वीस सेटिंगा सांगणारे लेख फिरतात, पेज फाईल बंद करा, इंडेक्सिंग बंद करा वगैरे. ते पंधरा वर्षांपूर्वीचे सल्ले आहेत, सोडून द्या. विंडोजच्या 'ऑप्टिमाईझ ड्राईव्ह्ज'मध्ये तुमच्या सी समोर 'सॉलिड स्टेट ड्राईव्ह' लिहिलेलं दिसलं की झालं. डिफ्रॅगचं बाहेरचं सॉफ्टवेअर असेल तर काढून टाका.

बॅकअपबद्दल मात्र सवय बदलावी लागेल. हार्ड डिस्क जाताना बहुतेकदा आवाज करते, अडखळते, चार दिवस देते. एसएसडी रात्री चालू असते आणि सकाळी बायोसमध्येच दिसत नाही. शिवाय तिच्यावर चुकून डिलीट केलेली फाईल परत मिळण्याची आशा फार थोडी, कारण डिलीट झालेली जागा विंडोज डिस्कला कळवतं आणि डिस्क ती आतून साफ करून टाकते. म्हणून टॅलीचा बॅकअप रोज जुन्या हार्ड डिस्कवर आणि आठवड्याला एकदा कॅबिनेटच्या बाहेर, पेन ड्राईव्हवर किंवा क्लाउडवर. फोटोही जुन्या डिस्कवरच असू द्या, त्याची एक प्रत बाहेर. एसएसडीत फोटो भरून कपाटात ठेवायची कल्पना डोक्यात असेल तर काढा. वापरून झिजलेल्या एसएसडीने वीज नसताना ३० अंश तापमानाला एक वर्ष डेटा धरून ठेवावा, एवढीच घरगुती डिस्ककडून मानकाची अपेक्षा आहे. आपल्याकडे मे महिन्यात कपाटात किती असतं ते तुम्हाला माहीत आहे.

दुकानदाराचं म्हणणं अगदीच चूक नाही, तेही सांगतो. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. चौथ्या पिढीच्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेटची मुदत वाढवून दिली आहे, ती सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये नाव नोंदवून घ्यावी लागते, आणि तीही ऑक्टोबर २०२६पर्यंतच. तेव्हा सोसायटीचं नेटबँकिंग त्यानंतर या मशीनवर करू नका. टॅली आणि श्रीलिपी नेट न जोडता आणखी चार वर्षं मजेत चालतील. पुढेमागे नवा पीसी घ्याल तेव्हा ही साटा एसएसडी काढून त्यात लागेल, नव्या बोर्डांवरही साटाचे पोर्ट असतात. आत्ताचा खर्च वाया जात नाही.

एसएसडीवर महिनाभर सगळं सुरळीत चाललं, टॅली उघडली, काकूंच्या पत्रिका नीट छापून आल्या, की मगच जुन्या डिस्कवरचं जुनं सी पार्टिशन पुसा. तोवर हात लावू नका. आणि कधी ती डिस्क भंगारात द्यायची वेळ आली तर आधी फॉरमॅट करताना 'क्विक'ची खूण काढा. पूर्ण फॉरमॅटमध्ये विंडोज डिस्कभर शून्यं लिहून टाकतं. १ टीबीला काही तास लागतात, रात्री लावून झोपा.